अनसूयाबाईंनी नापास केलेली कपाटं

समजा, तुम्हाला एक जुनं कपाट घ्यायचं आहे. शनिवारची सकाळ आहे, पोहे आणि खोव्याची जलेबी पोटात गेलेली आहे, खिशात मोजायची टेप आहे. जबलपुरात तिलवाऱ्याच्या रस्त्यावर पत्र्याची एक लांबलचक शेड आहे आणि तिच्यात पन्नास-साठ कपाटं, पेट्या, मांडण्या, कचेरीतली जुनी खणाखणांची टेबलं एकमेकांना खेटून उभी आहेत. तुम्ही काय कराल? बहुतेक लोक जे करतात तेच कराल. जे चकाकतंय त्याच्यासमोर थांबाल, दार उघडाल, लावाल, दोन बोटांनी ठोकाल (ठोकून नेमकं काय कळतं हे कुणालाच ठाऊक नसतं, पण ठोकतात सगळे) आणि विचाराल, "सागवान आहे ना?" दुकानदार म्हणेल, "एकदम बर्मा टीक!" झालं. कपाट तुमचं आणि हसू त्याचं.

आता समजा, तुमच्याबरोबर अनसूया भुसारी आहेत.

त्या आधी कपाट भिंतीपासून ओढायला लावतील. कारण पुढची बाजू लोकांना दाखवायला असते. सुतार खरं बोलतो ते पाठीमागे. मग सगळे खण बाहेर काढून जमिनीवर उलटे मांडतील आणि कोपऱ्यात खाचेत खाच अडकवलेला सांधा आहे की नुसते खिळे ठोकून वेळ मारून नेलीय, ते बघतील. भोकं दिसली तर खाली काळा कागद पसरून कपाटाला एक धपका देतील. कागदावर ताजी पांढरी पूड पडली तर किडा घरी आहे, नाही पडली तर घर सोडून गेला. चौकटीचे दोन्ही कर्ण मोजतील. ओळंबा सोडतील. दाराच्या फटीत पोलादाच्या पातळ पट्ट्या सारून फट वर किती, खाली किती, ते वहीत लिहितील. शेवटी डोकं आत घालून, डोळे मिटून वास घेतील. आणि एवढं सगळं झाल्यावर बाहेर येऊन, पदराला हात पुसत सांगतील, "नको."

अनसूयाबाई चौतीस वर्षं सरकारी फॅक्टरीत तपासनीस होत्या. आधी डिप्लोमा, मग लग्न, आणि लग्नानंतर वर्षभरात फॅक्टरी. त्या काळी तपासणीच्या लांब टेबलाशी बसणाऱ्या बायका हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या आणि पुरुष सहकाऱ्यांना वाटलं होतं की बाई मवाळ असेल. पहिल्याच महिन्यात बाईंनी अख्खी एक खेप परत पाठवली, तेव्हापासून वर्कशॉपमध्ये त्यांची चाहूल लागली की लोक आपापल्या नगावरून पुन्हा एकदा कापड फिरवत.

ही सवय पगारासारखी निवृत्तीच्या दिवशी बंद झाली नाही. टरबूज, साडीचे काठ, मुलगी प्रणोतीसाठी आलेली स्थळं, सगळं त्याच नजरेखालून जायचं. प्रणोतीनं शेवटी बंगळुरूला नोकरी धरली आणि स्वतःच एक मुलगा पसंत करून फोनवर कळवलं. "आई, फायनल है. इन्स्पेक्शन नको."

त्यांचे यजमान शैलेंद्र भुसारी रेल्वेतून निवृत्त झालेले, स्वभावानं गाडी उशिरा आली तरी प्लॅटफॉर्मवर शांतपणे शेंगदाणे खाणाऱ्यांपैकी. कुणी तरी एकदा त्यांना म्हटलं, "भाऊ, तुम्ही बरे पास झालात!" तर म्हणाले, "तेव्हा ती नोकरीला नव्हती लागली ना!"

फॅक्टरीच्या क्वार्टरमध्ये होते तोवर कपाटाचा प्रश्नच नव्हता. भिंतीतल्या सिमेंटच्या फळ्या आणि लोखंडी पेट्या यांत संसार मावला. निवृत्तीनंतर विजयनगरला दुसऱ्या मजल्यावर स्वतःचा फ्लॅट घेतला आणि अनसूयाबाईंनी जाहीर केलं की या घरात एक लाकडी कपाट येईल, चांगलं मोठं, आणि ते जुनं असेल.

"जुनं काहून?" शैलेंद्ररावांनी विचारलं.

"कारण नवं लाकूड पहिल्या पाच-सहा पावसाळ्यांत वाकतं. साठ पावसाळे काढलेल्या लाकडाला जेवढं वाकायचं तेवढं ते वाकून मोकळं झालेलं असतं. मग ते मोजता येतं."

कारण इतकं बिनतोड होतं की शैलेंद्ररावांनी मान डोलावली. त्याला आता दोन वर्षं होत आली होती.

दोन वर्षांत भुसाऱ्यांच्या घराचं गोदाम झालं होतं. चादरी टीव्हीच्या खोक्यात, स्वेटर मिक्सरच्या खोक्यात, आणि शैलेंद्ररावांचे बनियन-मोजे प्रवासाच्या बॅगेत. रोज आंघोळीनंतर ते बॅगेची चेन उघडत, आणि रोज त्यांना वाटे की आपण कुठल्या तरी स्टेशनवर उतरलो आहोत. खोक्यांवर अनसूयाबाईंनी नंबर घातले होते आणि नंबरांची यादी एका वहीत होती. ती वही खोका क्रमांक अकरामध्ये गेली होती. अकरा नंबरचा खोका सापडत नव्हता.

दर शनिवारी बाई तिलवाऱ्याच्या रस्त्यावर विक्कीच्या शेडमध्ये जात. विक्की पस्तिशीतला, गळ्यात चेन, तोंडात सदा बडीशेप. कँटोन्मेंटमधले जुने बंगले, बंद पडलेल्या कचेऱ्या, शहराबाहेर पाटण-बरगीकडची मोडलेली मोठी घरं, कुठून कुठून सामान उचलून आणायचा. पहिल्या शनिवारी बाईंनी एक शिसवी कपाट दीड तास तपासलं आणि नापास केलं. मग पिशवीतून लाल चिठ्ठी काढली, त्याला वाचता यावं म्हणून हिंदीत लिहिलं, 'बायाँ अगला पाया ३ मि.मी. छोटा. पिछली तख्ती बदली हुई. अस्वीकृत.' खाली सही, तारीख. आणि चिठ्ठी दाराला चिकटवली.

"ये क्या है, दीदी?" विक्कीनं विचारलं.

"लाल चिट्ठी. जब तक ठीक नहीं होगा, जाएगा नहीं."

विक्कीनं चिठ्ठी वाचली, पुन्हा वाचली, आणि मोठ्या आदरानं मान हलवली. बाईंना वाटलं, समजला. चौतीस वर्षं त्यांनी हेच पाहिलं होतं. लाल चिठ्ठी लागली की तो नग आहे तिथेच थांबतो. दुरुस्त होतो नाही तर मोडीत जातो, पण तपासनिसाच्या दुसऱ्या सहीशिवाय गेटबाहेर पाऊल टाकत नाही. हा नियम जगातल्या सगळ्या गेटांना लागू नाही, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. त्यामुळे पुढच्या खेपेला ते कपाट दिसलं नाही तेव्हा त्या समाधानानं म्हणाल्या, "दुरुस्तीला गेलं वाटतं."

असे शनिवारमागून शनिवार गेले. चाळीसेक चिठ्ठ्या झाल्या. शैलेंद्ररावांचा धीर मात्र भाद्रपदात सुटला. मोजे शोधताना बॅगेची चेनच तुटली, हे निमित्त.

"तुला नेमकं कसं कपाट पाहिजे, ते तर सांगून दे एकदा."

बाईंनी लगेच यादी काढली. एकोणीस मुद्दे. वाळवी नसावी, जोडलेली फळी नसावी, बिजागरी बदललेली नसावी, वरून रंग फासलेला नसावा...

"हे सगळं काय नसावं ते झालं. काय असावं?"

अनसूयाबाईंनी यादीचा कागद उलटून पाहिला, मागची बाजू कोरी होती. फॅक्टरीत हा प्रश्न कधी आला नव्हता. तिथे समोर ड्रॉइंग असायचं. नग ड्रॉइंगसारखा असला की पास, नसला की लाल चिठ्ठी. कपाट आवडायला कुठलं ड्रॉइंग समोर धरायचं?

"चलो," शैलेंद्रराव म्हणाले, आणि हे 'चलो' नेहमीचं नव्हतं. "दसऱ्यापर्यंत तुझं कपाट आलं तर आलं. नाही तर दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी अक्षत येऊन राहिला. भिंतभर वॉर्डरोब लावून देतो म्हणतो. तीन दिवसांचं काम."

अक्षत त्यांचा पुतण्या. प्लायवूड आणि लॅमिनेटची कपाटं बनवायचा. त्यानं व्हॉट्सॲपवर रंग पाठवला, 'इटालियन वॉलनट'. बाईंनी तो मोठा करून पाहिला. अक्रोडाच्या लाकडाचा फोटो काढून कागदावर छापला होता आणि तीच एक गाठ दर चाळीस सेंटिमीटरवर पुन्हा पुन्हा येत होती. एकदा तो वॉर्डरोब भिंतीत ठोकला की उरलेलं आयुष्य सकाळी डोळे उघडल्यावर ती गाठ मोजण्यात जाणार, हे त्यांना स्वच्छ दिसलं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी सकाळी खालच्या मजल्यावर नुकत्याच राहायला आलेल्या नंदानं हाक मारली. नंदा शाळेत शिकवायची, बोलायला मोकळी. "ताई, या ना पाच मिनिटं! माझं कपाट बघा. अँटीक!"

बाई खाली गेल्या. हॉलमध्ये, खिडकीच्या शेजारी, शिसवी कपाट उभं होतं. दाराला लाल चिठ्ठी होती, आणि नंदानं ती काचेच्या छोट्या फ्रेममध्ये बसवून घेतली होती.

"ही... ही माझी सही आहे."

"आँ? तुमची? अगं बाई!" नंदानं त्यांचे दोन्ही हात धरले. "म्हणजे ती फॅक्टरीवाली मॅडम तुम्हीच? तो विक्की तर तुमच्या नावाची शपथ घेतो. म्हणतो, मॅडमची चिठ्ठी असलेलं सामान फक्त माझ्याकडेच मिळतं."

"नंदा, हे नापास कपाट आहे! ह्याचा डावा पाय तीन मिलिमीटर आखूड आहे."

"हो ना, लिहिलंय ना. मी पुठ्ठ्याची घडी ठेवली खाली. आता हलत नाही."

"मागची फळी बदललेली आहे!"

"तेही लिहिलंय. इतकं खरं कुठे मिळतं, ताई, आजकाल? बाकीच्या दुकानांत नुसतं 'एकदम ओरिजिनल, एकदम ओरिजिनल'. इथे ऐब लिहूनच देतात. माझी जाऊ म्हणते, मलाही चिठ्ठीवालंच पाहिजे."

अनसूयाबाईंनी दार उघडलं. आत नंदाच्या साड्या घडीवर घडी बसल्या होत्या. कापराच्या वड्या होत्या. मधल्या खणात मुलाची प्रगतिपुस्तकं, तिसरीपासूनची. बाईंना असूया वाटली, आणि ती मोजायला त्यांच्याकडे पट्टी नव्हती.

"काहून घेतलं तू हे?" त्यांनी हळूच विचारलं. "एवढं सगळं वाचूनही?"

नंदानं कपाटाचं दार अलगद लावलं. "आवडलं," ती म्हणाली.

विक्कीच्या शेडपर्यंत रिक्षात बसून बाई मनातल्या मनात भाषण घोळवत होत्या. पण शेडमध्ये पाऊल टाकलं आणि भाषण विसरल्या. दसऱ्याच्या खरेदीत शेड जवळजवळ रिकामी झाली होती.

"विक्की! मेरे रिजेक्ट किए हुए सब कहाँ हैं?"

"बिक गए, दीदी!" विक्की आनंदानं म्हणाला. "आपकी चिट्ठी लगी नहीं कि दो दिन में माल उठ जाता है. पहले कस्टमर मेरे से झगड़ता था, अब चिट्ठी पढ़ता है और चुपचाप ले जाता है. दिवाली पे आपके लिए मिठाई का डिब्बा अलग रखा है, कसम से."

"रिजेक्ट माल गेट के बाहर जाता ही कैसे है?"

"गेट?" विक्कीनं मागे वळून पाहिलं. शेडला गेट नव्हतं. एक दोरी होती, तीही खाली पडलेली.

बाईंनी एका स्टुलावर बसून मोजलं. चाळीस चिठ्ठ्या. म्हणजे जबलपूर शहरात चाळीस घरांत त्यांच्या सहीचे चाळीस नापास नग सुखानं नांदत होते, आणि ज्या एका घरात काहीच नव्हतं ते त्यांचं स्वतःचं होतं.

"बस वो एक बचा है," विक्की कोपऱ्याकडे हात करत म्हणाला. "उसपे आपने कुछ लिखा ही नहीं, तो कोई हाथ नहीं लगाता. सोचते हैं, मैडम ने भी छोड़ दिया, ज़रूर कुछ भारी गड़बड़ होगी."

कोपऱ्यात सागवानी कपाट होतं. उंच, साधं, नक्षी नाही, वर दोन दारं आणि खाली एकाखाली एक पाच खण. बाईंनी ते श्रावणात पाहिलं होतं. तीन तास पाहिलं होतं. कर्ण जुळत होते. ओळंबा सरळ. सांधे असे की त्यात पोस्टकार्डही शिरू नये. फक्त वरून तिसरा खण बत्तीस मिलिमीटरनं आखूड होता. समोरून बाकीच्यांसारखाच, बाहेर ओढला की कळायचं, हा मागे पोचतच नाही. पहिला संशय अर्थातच चोरकप्प्याचा. बाईंनी टॉर्च मारली, प्रणोतीचा जुना मेकअपचा आरसा आत घातला, बोटांनी चाचपलं. मागे काहीच नव्हतं. रिकामी जागा, आणि त्या जागेतली फळीसुद्धा रंधा मारून गुळगुळीत केलेली. त्या दिवशी त्यांनी पेन परत पिशवीत ठेवलं आणि काही न लिहिता घरी गेल्या.

तेवढ्यात पाटणहून आलेलं एक जोडपं शेडभर फिरून त्याच कपाटापाशी आलं. विक्कीनं ओळख करून दिली, "यही हैं मैडम!" बायको लगबगीनं पुढे आली.

"मैडम, इसमें क्या खराबी है?"

"खराबी नहीं है," अनसूयाबाई म्हणाल्या.

तिनं नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्यानं तिच्याकडे पाहिलं. "कुछ तो होगी," तो म्हणाला. "आप लिख दीजिए, हम ले जाएँगे. टेम्पो बाहर खड़ा है."

"लिख दो, दीदी," विक्कीनं पेन पुढे केलं. "कुछ भी. एक खरोंच लिख दो."

बाईंनी लाल चिठ्ठी काढली. 'तीसरा दराज ३२ मि.मी. छोटा', एवढं लिहिलं की काम झालं असतं. एक अक्षर खोटं नव्हतं. कपाट पाटणला गेलं असतं, उद्या दसरा, परवा अक्षत ड्रिल घेऊन आला असता. त्यांनी पेन टेकवलं. पण हात पुढे सरेना. चूक कशाला म्हणायची? ड्रॉइंगला सोडून झालं त्याला. ह्या सुताराचं ड्रॉइंग त्याच्या डोक्यात होतं. त्याच्या हाताला माप कळत होतं हे बाकीचे चार खण सांगत होते. तिसऱ्याचे मागचे सांधे तर त्या चारांहूनही सुरेख होते. माणूस चुकतो तेव्हा चुकलेली जागा इतक्या मायेनं घासत नाही. चौतीस वर्षांत हे त्यांनी शेकडो वेळा पाहिलं होतं. म्हणजे हे मुद्दाम होतं. कशासाठी ते माहीत असल्याशिवाय नापास कसं करायचं? पास तरी कसं करायचं? आणि हा एवढा मोठा प्रश्न टेम्पोत घालून पाटणला कसा जाऊ द्यायचा, जिथे ही दोघं त्यात टॉवेल कोंबतील आणि खण आखूड आहे हे त्यांच्या ध्यानातही येणार नाही?

त्यांनी भराभरा लिहिलं आणि चिठ्ठी दाराला चिकटवली. जोडपं वाचायला वाकलं. 'भुसारी, दूसरी मंज़िल, विजयनगर.'

"ये कौन सा ऐब है?" विक्कीनं विचारलं.

"पता है," बाई म्हणाल्या. "टेम्पो बुलाओ."

पाटणवाल्या बाईनं निघताना नवऱ्याला ऐकू जाईल इतपत म्हटलं, "देखा? मैं कह रही थी न. सबसे बढ़िया माल खुद के लिए दबा के रखा था."

कपाट लिफ्टमध्ये गेलं नाही. चार जणांनी ते जिन्यावरून वर नेलं, पुढे अनसूयाबाई "दहा सेंटिमीटर डावीकडे, दहा!" म्हणून ओरडत आणि मागे शैलेंद्रराव हमालांना, थोरल्या भावाला म्हणावं तसं, "अरे बड्डे, आराम से!" म्हणत. ते बेडरूमच्या भिंतीला लागलं तेव्हा शैलेंद्ररावांनी आधी अक्षतला फोन करून येऊ नको म्हणून सांगितलं, आणि मगच घाम पुसला.

"म्हणजे पास झालं तर एक."

"पास नाही झालं."

"मग आणलं काहून?"

"आवडलं असेल," बाई म्हणाल्या, आणि स्वतःच दचकल्यासारख्या झाल्या.

शैलेंद्ररावांनी आणखी चौकशी केली नाही. त्यांनी पहिला खण ताब्यात घेतला आणि बनियन, मोजे, रुमाल अशी तीन रांगांत मांडणी केली. मग खण लावला, उघडला, पुन्हा लावला. सहा वेळा. दुपारपर्यंत चादरी गेल्या, स्वेटर गेले, लोखंडी पेट्यांवरून वर्तमानपत्रं निघाली. तिसरा खण तेवढा रिकामा राहिला. त्याच्यासमोर अनसूयाबाई पाटावर बसल्या होत्या.

"सुताराकडचं लाकूड संपलं असेल," शैलेंद्रराव म्हणाले.

"मागची गुळगुळीत फळी त्यानं हवेतून आणली काय?"

प्रणोती व्हिडिओ कॉलवर आली. "आई, हवेसाठी असेल. व्हेंटिलेशन."

"मग पाचही आखूड केले असते."

नंदानं वर येऊन, खणात हात घालून सांगितलं की ही नक्की बायकोची नवऱ्यापासून काही लपवायची जागा. "लपवायला तळ लागतो ना, ताई? मागे तर काही टेकायलाच नाही," असं तिनं स्वतःच मग कबूल केलं. विक्कीला फोन लावला, तर तो म्हणाला की कपाट बरगीकडच्या एका घरातून आलं, घर विकून लोक कुठे गेले ते माहीत नाही, आणि बनवलं कुणी ते तर त्या लोकांनाही माहीत नव्हतं. "दीदी, कुछ ऐब निकला क्या?" त्यानं आशेनं विचारलं. "चिट्ठी लिख के वापस भेज दो, अभी ग्राहक बैठा है."

बाईंनी फोन ठेवला. खण पुन्हा बाहेर काढला, मांडीवर घेतला, मागच्या कोपऱ्यावरून अंगठा फिरवला. चार खण एका मापाचे सहज करणाऱ्या त्या माणसानं, कुणी बघणार नाही अशा ठिकाणी इतकी मेहनत घेऊन, हा एकच खण बत्तीस मिलिमीटरनं आखूड का केला असेल?